मारखा खोऱ्याची वाट : विरळ हवेतील वैद्यक आणि लडाखची बौद्ध गावे

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "डॉक्टर, लेहला चाललोय, काही गोळी घ्यावी लागेल का?" प्रश्न साधा असतो. त्याचे उत्तर मात्र रक्तदाब मोजता मोजता दोन वाक्यांत देण्यासारखे नसते. आपल्या मंडळातील कितीतरी सभासद आता स्वतःही पाठीवर पिशवी टाकून हिमालयात पदभ्रमणास जातात. उंचीवरील आजारांचा अभ्यास आपल्या पदवीच्या अभ्यासक्रमात एखाद्या परिच्छेदापुरताच झालेला असतो. बडोद्यासारख्या सखल गावात व्यवसाय करताना त्याचा संबंधही क्वचितच येतो. म्हणून लडाखमधील मारखा खोऱ्याची वाट उदाहरणादाखल घेऊन या विषयाची उजळणी करावी, आणि ज्या बौद्ध गावांतून ही वाट जाते त्यांचीही ओळख करून द्यावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाट आणि गावे

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. त्याच्या दक्षिणेस, सिंधू नदीपलीकडच्या स्तोक पर्वतरांगेमागे मारखा नदीचे खोरे दडलेले आहे. ही नदी पुढे झांस्कर नदीला मिळते. खोऱ्याचा बराचसा भाग १९८१ साली स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतो. हिमबिबट्यासाठी हे उद्यान जगभर ओळखले जाते. पण सामान्य पदयात्रीच्या नजरेस पडतात ते भरल, म्हणजे निळसर राखी रंगाच्या रानमेंढ्या, आणि बिळाच्या तोंडाशी उभे राहून शीळ घालणारे गुबगुबीत मार्मोट.

वाटेचा सुलभ क्रम असा : झांस्करकाठच्या चिलिंगहून (सुमारे ३२०० मी.) स्क्यू (३४०० मी.), मारखा (३८०० मी.), हांकर (४००० मी.), थाचुंगत्से (४२५० मी.), निमालिंग (४८०० मी.) आणि तेथून कोंगमारू ला ही सुमारे ५२०० मीटर उंचीची खिंड ओलांडून शांग सुमदोमार्गे हेमिसकडे उतार. लडाखी भाषेत 'ला' म्हणजे खिंड. अलीकडच्या वर्षांत मोटाररस्ता खोऱ्यात बराच आत शिरला असला, तरी वरच्या टप्प्यांत पाय, घोडा आणि गाढव यांखेरीज दुसरे वाहन नाही.

चिलिंग हे धातूकाम करणाऱ्यांचे गाव. शे येथील बुद्धमूर्ती घडवण्यासाठी सतराव्या शतकात नेपाळहून कारागीर आणले गेले व त्यांचेच वंशज येथे स्थायिक झाले, असे परंपरा सांगते. पुढची गावे शेतकऱ्यांची आहेत. मारखा हे त्यांतले मोठे गाव. तरी घरे सहज मोजता येण्याइतकीच. उघड्या-बोडक्या, तपकिरी-जांभळ्या डोंगरांच्या पायथ्याशी एकाएकी सातूच्या शेतांचा हिरवा तुकडा दिसतो, भोवती विलो व पॉप्लरची झाडे असतात, आणि त्या तुकड्याच्या कडेला मातीच्या विटांची दुमजली, सपाट धाब्याची घरे असतात. जेथवर पाट पोचतो तेथवर गाव, त्यापलीकडे एकदम वाळवंट.

लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. शेती उभी आहे ती वितळणाऱ्या बर्फावर. त्यामुळे पाणी हाच गावाचा पहिला कायदा असतो. कोणत्या शेताला किती वेळ पाणी मिळेल हे ठरवणारा 'छुरपोन' नावाचा पाणकरी गावकरी आपसांतून नेमतात. पीक वर्षातून एकदाच. सातू भाजून दळलेले पीठ, वाटाणा, याक आणि 'झो' (याक व गाय यांचा संकर) यांचे दूधदुभते, आणि मीठ-लोणी घुसळून केलेला चहा, असा हा आहार. निमालिंगला पाण्याला सुमारे ८५ अंशांवरच उकळी फुटते. त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजतच नाही, आणि प्रेशर कुकरशिवाय तेथे पान हलत नाही.

हवा तीच, दाब निराळा

उंचीवर प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असे आपण सहज बोलून जातो. शास्त्रदृष्ट्या ते बरोबर नाही. हवेतील प्राणवायूचा वाटा बडोद्यात आणि कोंगमारू ला खिंडीत सारखाच, म्हणजे सुमारे २१ टक्के असतो. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो ७६० मि.मी. पारा असतो, लेहला सुमारे ५०० आणि खिंडीत सुमारे ४१०. श्वासमार्गात शिरताच हवा बाष्पाने संपृक्त होते आणि बाष्पाचा ४७ मि.मी. दाब सर्वत्र सारखाच असतो. तो वजा करून गणित मांडले, तर आत घेतलेल्या प्राणवायूचा आंशिक दाब समुद्रसपाटीला सुमारे १४९, लेहला ९५ आणि खिंडीत ७५ मि.मी. भरतो. म्हणजे खिंडीत उभा असलेला माणूस घरच्या निम्म्या प्राणवायूवर चालत असतो.

सकाळी सखल गावातून निघालेला प्रवासी दिल्लीहून विमान धरून दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी लेहला उतरलेला असतो. एका रात्रीत ३५०० मीटर चढण्याची ही सोय मनुष्याच्या शरीररचनेला ठाऊक नव्हती.

शरीर यावर उपाय योजते. कॅरोटिड बॉडीला प्राणवायूची टंचाई जाणवताच श्वास खोल व जलद होतो. त्यामुळे कर्बवायू बाहेर टाकला जाऊन रक्त अल्कधर्मी बनते आणि हीच अल्कता श्वसनकेंद्राला लगाम घालते. मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून हा लगाम सैल करतात. पण त्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. 'अनुकूलन' म्हणतात त्याचा पहिल्या आठवड्यातील गाभा एवढाच आहे. असिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडाचे हेच काम लवकर उरकते. एरिथ्रोपोएटिन वाढून तांबड्या पेशी वाढणे ही आठवड्यांची गोष्ट आहे. आठ दिवसांच्या पदयात्रेत तिचा फारसा उपयोग नाही.

पहिल्या रात्री झोपेत श्वासाची लय बदलते. काही खोल श्वास, मग काही क्षण पूर्ण शांतता, मग पुन्हा धापेसारखे श्वास. शेजारी झोपलेली पत्नी घाबरून उठवते. हा नियतकालिक श्वास उंचीवर स्वाभाविक आहे. तो स्वतः आजार नव्हे. मात्र त्यासाठी नेहमीची झोपेची गोळी घेऊ नये, कारण श्वसनकेंद्र आणखी मंदावणे येथे परवडणारे नसते.

तीन आजार

पहिला, तीव्र पर्वतीय आजार. मुख्य लक्षण डोकेदुखी. जोडीला मळमळ वा उलटी, थकवा, चक्कर. चढल्यानंतर साधारण सहा ते बारा तासांनी तो सुरू होतो आणि पुढे न चढल्यास एक-दोन दिवसांत बरा होतो. निदानासाठी वापरली जाणारी लेक लुईस गुणपद्धती २०१८ साली सुधारण्यात आली व तीतून झोपेचा निकष वगळण्यात आला, ही माहिती जुन्या पुस्तकांवर विसंबणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

दुसरा, उंचीवरील मेंदूसूज. पहिल्या आजाराचीच ही पुढची पायरी होय. तोल जाणे आणि वागण्यात बदल ही तिची दोन पाऊलखुणा. जमिनीवर सरळ रेषा आखून टाचेला चवडा लावत चालावयास सांगावे. ज्याचा पाय रेषेबाहेर पडतो, त्याला पुढील निदान होईपर्यंत मेंदूसूज आहे असेच धरावे. रुग्ण चिडचिडा, एकलकोंडा, निर्णयशून्य होतो आणि स्वतःला काही झाल्याचे ठामपणे नाकारतो.

तिसरा, उंचीवरील फुप्फुससूज. उंचीवरील आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे हे प्रमुख कारण. बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, अनेकदा रात्री, कोरडा खोकला आणि न झेपणारी धाप सुरू होते. पुढे स्वस्थ बसूनही धाप लागते, आणि शेवटी गुलाबी फेस येतो. प्राणवायूच्या अभावी फुप्फुसातील रोहिणी असमान आकुंचन पावतात, काही भागांतील केशवाहिन्यांवर अतोनात दाब येतो व त्या पाझरू लागतात. हृदयाचा डावा भाग निर्दोष असतो. सौम्य तापही असू शकतो, म्हणून न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देत बसण्याचा धोका फार. तसेच सूज दिसली की मूत्रल इंजेक्शनकडे जाणारा आपला हात येथे आवरावा; हा रुग्ण बहुधा आधीच निर्जल झालेला असतो.

या आजाराची नोंद फार जुनी आहे. इ.स. ३९९ मध्ये बौद्ध ग्रंथांच्या शोधात चीनमधून निघालेल्या फा-हियानने हिमाच्छादित डोंगर ओलांडताना तोंडातून फेस येऊन मरण पावलेल्या सहप्रवाशाची हकिगत लिहून ठेवली आहे. ते वर्णन फुप्फुससुजेचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. आधुनिक काळात १९६० साली चार्ल्स ह्यूस्टन यांनी या आजाराचे हृदयविकार व न्यूमोनिया यांहून वेगळे स्वरूप मांडले. पण मोठ्या संख्येवर आधारलेला पहिला अभ्यास भारतीय डॉक्टरांचा आहे. १९६२च्या चीन युद्धात आणि नंतर मैदानी प्रदेशातील जवान थेट उंचीवर न्यावे लागले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या इंदरसिंग व त्यांच्या सैनिकी वैद्यकातील सहकाऱ्यांनी १९६५ साली 'लॅन्सेट'मध्ये फुप्फुससुजेवर, आणि १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९२५ जवानांच्या पर्वतीय आजारावर लेख प्रसिद्ध केले. आज जगभरच्या मार्गदर्शक सूचनांखाली जो पाया आहे, त्यात आपल्या जवानांच्या प्राणांची किंमत आहे, हे विसरून चालणार नाही.

निमालिंगचा सापळा

निमालिंग हे मोठे रमणीय पठार. उन्हाळ्यात खालच्या गावांतील लोक मेंढ्या, याक घेऊन येथे येतात. समोर ६४०० मीटर उंचीचे कांग यात्से शिखर असते. वैद्यकीय नजरेने मात्र ही जागा फसवी आहे. येथून घरी जाण्याची जवळची वाट खिंडीवरून जाते, म्हणजे उतरण्यासाठी आधी ४०० मीटर चढावे लागते. मागची वाट लांब, आलेलीच, आणि मनाला पराभवासारखी वाटणारी. त्यामुळे "एवढी एक खिंड ओलांडली की उतारच आहे" हा युक्तिवाद येथे हटकून ऐकू येतो. तो युक्तिवाद प्राणघातक ठरू शकतो.

आमच्या गटात बहुतेक डॉक्टरच होते. निमालिंगला पोचलो त्या दुपारी पन्नाशीतले एक शल्यचिकित्सक मित्र तंबूत पडून राहिले. डोके दुखत होते. ते म्हणाले, मानेच्या मणक्याचे जुनेच दुखणे आहे. उलटी झाली, ते म्हणाले, सकाळच्या पराठ्याचे पित्त. पॅरासिटामॉलने डोके उतरले नाही. ते म्हणाले, चष्मा विसरल्याने उन्हाचा त्रास. प्रत्येक लक्षणाला त्यांच्याकडे एक सुसंगत आणि सुशिक्षित स्पष्टीकरण होते. आपल्या व्यवसायाचा हा खास दोष आहे : आजार नाकारण्यासाठी लागणारी शब्दसंपत्ती आपल्याकडे इतरांपेक्षा जास्त असते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास आमच्यातील भूलतज्ज्ञ भगिनींनी त्यांना तंबूबाहेर काढून टाचेला चवडा लावत दहा पावले टाकायला सांगितले. चौथ्या पावलाला ते बाजूला झुकले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. हसून म्हणाले, "जमीनच वाकडी आहे." घोडेवाला आतापर्यंत गप्प बसून पाहत होता. तो उठला आणि कोणी सांगण्याआधीच घोड्यावर खोगीर कसू लागला.

चर्चा झालीच. कोणी म्हणाले, रात्र येथेच काढू, सकाळी खिंड ओलांडू. कोणी विमानाच्या तिकिटांची आठवण करून दिली. भूलतज्ज्ञ भगिनींनी एकच गोष्ट विचारली : "हा रुग्ण आपल्या अतिदक्षता विभागात असता, तर सकाळची वाट पाहिली असती का?" डेक्सामेथासोनचे ८ मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले आणि उजेड असतानाच दोघा सहकाऱ्यांसह त्यांना घोड्यावर बसवून थाचुंगत्सेला, साडेपाचशे मीटर खाली, नेले. पहाटेपर्यंत डोकेदुखी ओसरली. सकाळी ते रेषेवरून नीट चालले, पण आदल्या संध्याकाळचे संभाषण त्यांना धड आठवत नव्हते. ते दोन दिवस हांकरला राहून मागच्या वाटेने परतले. खिंड हुकल्याची हळहळ त्यांना आजही आहे, आणि ती व्यक्त करायला ते आपल्यात आहेत, हे महत्त्वाचे.

या प्रसंगातून तीन नियम निघतात आणि तेच जगभर मान्य आहेत. उंचीवर जी कुरबुर सुरू होते ती दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत उंचीचीच मानावी. लक्षणे असताना झोपण्याची उंची वाढवू नये. लक्षणे वाढत असतील, तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर वेळ न दवडता खाली उतरावे. ३०० ते १००० मीटर उतरले तरी बहुधा लक्षणीय सुधारणा दिसते. रुग्णाला एकटे मात्र कधीही पाठवू नये.

पूर्वतयारी व औषधे

सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे औषध म्हणजे वेळ. विमानाने लेहला गेल्यावर पहिले दोन दिवस केवळ विश्रांती व हलके फिरणे, आणि चालावयास प्रारंभ करण्यापूर्वी निदान तीन रात्री तेथे मुक्काम करावा. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम वाढवावा. या नियमाने पाहता हांकरहून एका दिवसात निमालिंग गाठणे (८०० मीटर) चुकीचे ठरते. थाचुंगत्सेला रात्र, शक्यतो दोन रात्री, काढाव्यात.

प्रतिबंधासाठी असिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करावे. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडावॉटरची चव बिघडते. हे आधी सांगून ठेवले की रुग्ण घाबरत नाही. सल्फा औषधांची गंभीर अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावे. आजार झाल्यावर उपचारासाठी मात्रा २५० मिलिग्रॅम दोन वेळा. मेंदूसुजेसाठी डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम व नंतर दर सहा तासांनी ४ मिलिग्रॅम. फुप्फुससुजेसाठी प्राणवायू व उतरणे हेच मुख्य. प्राणवायू उपलब्ध नसेल तर दीर्घकाळ काम करणारे निफेडिपिन ३० मिलिग्रॅम बारा तासांनी. ही औषधे उतरण्याला साहाय्यक आहेत. उतरण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

पल्स ऑक्सिमीटर जवळ असणे चांगले, पण त्याच्या आकड्याची स्पर्धा लावू नये. लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९० हा आकडा अनेक निरोगी माणसांत दिसतो, आणि थंड बोटांवर यंत्र खोटेही बोलते. आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल, तर माणसावर विश्वास ठेवावा.

एक गैरसमज मुळातून काढला पाहिजे. रोज सकाळी दहा किलोमीटर धावणाऱ्याला हा आजार होत नाही, असे नाही. शारीरिक क्षमता आणि अनुकूलन यांचा परस्परसंबंध नाही. उलट दमदार तरुण भरभर चढतो आणि म्हणून अधिक सापडतो. पूर्वी ज्याला एकदा फुप्फुससूज झाली, त्याला पुन्हा होण्याची शक्यता मात्र निश्चितच जास्त.

कोणाला जाऊ देऊ नये? अस्थिर अंजायना, नुकताच झालेला हृदयविकाराचा झटका, फुप्फुसरोहिणीचा वाढलेला दाब, फुप्फुसांचा गंभीर जुनाट विकार, सिकलसेल आजार. सिकलसेलचे केवळ वाहक असणाऱ्यांनाही उंचीवर प्लीहेचा भाग मृत होऊन पोटात तीव्र वेदना होऊ शकतात. विदर्भात आणि गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात हा दोष अनेक कुटुंबांत आढळत असल्याने आपल्या रुग्णांना हा प्रश्न अवश्य विचारावा. नियंत्रित रक्तदाब व मधुमेह यांना सरसकट मनाई नाही. पण इन्सुलिन गोठू न देण्यासाठी रात्री अंगाशी ठेवावे, आणि थंडीत ग्लुकोमीटरचा आकडा चुकू शकतो हे ध्यानात घ्यावे. दर हजार मीटरला अतिनील किरणे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. बर्फावरून त्यांचे परावर्तन होते, म्हणून चांगला काळा चष्मा ही चैन नसून औषध आहे. नदी ओलांडायची ती सकाळी. दुपारी वरचा बर्फ वितळून मारखेचे पाणी चढते.

गावकऱ्यांचे आरोग्य

पाहुण्याला दोन जिने चढवत नाहीत तेथे सत्तरीची आजी पाठीवर गवताचा भारा घेऊन शेत चढते. तिबेटी पठारावरील लोकांत हजारो वर्षांच्या निवडीतून आलेले जनुकीय बदल २०१० साली उजेडात आले. त्यांतील ईपास-१ या जनुकाचा विशिष्ट प्रकार डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाकडून आलेला असावा, असे २०१४ साली दाखवले गेले. याचा परिणाम असा की उंचीवर राहूनही त्यांचे हिमोग्लोबिन फार वाढत नाही. रक्त दाट न होता पातळच राहते. दक्षिण अमेरिकेतील अँडीजवासीयांचे शरीर नेमके उलट करते.

परंतु अनुकूलन म्हणजे आरोग्य नव्हे. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी लडाखच्या गावांत केलेल्या पाहण्यांत, खाण किंवा कारखाना जवळपास नसतानाही, मध्यमवयीन स्त्रीपुरुषांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत सिलिकोसिससारखे डाग आढळले. वसंतातील धुळीची वादळे आणि धुराड्याविना चालणाऱ्या चुलींचा शेण-लाकडाचा धूर, अशी त्याची कारणे सांगितली गेली. हिवाळ्यात सारे कुटुंब चुलीभोवती कोंडलेले असते. मीठ घातलेल्या चहाचे दिवसातून होणारे अनेक पेले रक्तदाबाच्या रुग्णाला सोसणारे नसतात. हाडे झिजवणारे कष्ट आणि मोतीबिंदू तर आहेतच.

म्हणून पदयात्री डॉक्टरने काय करावे? गावात डॉक्टर आल्याचे कळले की चार माणसे जमतात. पिशवीतील गोळ्या वाटून टाकण्याचा मोह होतो. रक्तदाबाच्या दहा गोळ्या देऊन आपण पुढे निघून जाणे हा उपचार नव्हे. अकराव्या दिवशी काय, याचे उत्तर आपल्याकडे नसते. त्याऐवजी रक्तदाब मोजून तो कागदावर स्पष्ट लिहून द्यावा, ज्याला लेहच्या रुग्णालयात जाणे खरोखर आवश्यक आहे त्याला तसे निक्षून सांगावे, आणि यजमानीणबाईंना काळ्या चष्म्याचे व धुराड्याचे महत्त्व पटवावे. एवढ्याने जे साधते ते गोळ्यांच्या खिरापतीने साधत नाही.

आमची आणि अष्टांगहृदय

लडाखी गावात परंपरेने वैद्यकी करणाऱ्यास 'आमची' म्हणतात आणि त्याच्या शास्त्राला 'सोवा-रिग्पा'. नाडी व मूत्र पाहून निदान करणे, वनौषधी, आहारनियम आणि डाग देणे ही त्याची साधने. 'ग्युद-शी' हा या पद्धतीचा मूलग्रंथ. लुंग, त्रीपा व बेकन हे तिचे तीन दोष वाचताच आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला वात, पित्त, कफ आठवतील. आणि हे साम्य योगायोगाचे नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'चे तिबेटी भाषांतर अकराव्या शतकात महान भाषांतरकार रिनचेन झांगपो (९५८-१०५५) यांनी भारतीय पंडित जनार्दन यांच्या साहाय्याने केले. त्याच ग्रंथावर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. ज्याला आपण मंदिरांच्या बांधणीमुळे हेमाडपंत म्हणून ओळखतो, तो आणि लडाखचा आमची एकाच ग्रंथाचे वाचक होत, ही गोष्ट मराठी माणसाने आवर्जून ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भारत सरकारने २०१० साली कायद्यात दुरुस्ती करून सोवा-रिग्पाला मान्यता दिली आणि लेह येथे तिची राष्ट्रीय संस्था स्थापन करण्याचा निर्णय २०१९ साली झाला.

या परंपरेत बुद्धाची एक मूर्ती 'भैषज्यगुरू' म्हणून पुजली जाते. चार आर्यसत्यांची मांडणी पाहावी : दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःखाचा निरोध होऊ शकतो, निरोधाचा मार्ग आहे. लक्षण, निदान, साध्यता आणि चिकित्सा हाच तो क्रम. आपण रोज केसपेपरवर जे लिहितो त्याचा सांगाडा अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे.

पाहुण्याची रीत

या गावांत आता घरगुती निवासाची सोय असते. 'जुले' या एका शब्दात नमस्कार, आभार आणि निरोप तिन्ही येतात. वाटेवर मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती व छोर्तेन लागतात. त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे. पाणी बाटलीबंद न मागता उकळलेले घ्यावे, कारण प्लॅस्टिक खाली नेणारा घोडाच आहे. संडास कोरडा असतो. त्यात पाणी ओतू नये, शेजारची माती टाकावी. वर्षभराने तेच खत सातूच्या शेतात जाते. पाण्याच्या दुर्भिक्षातून निघालेली ही व्यवस्था इतकी नीटस आहे की सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी.

आणखी एक व्यवस्था पाहण्याजोगी आहे. काही घरे मिळून एक 'फास्पुन' होतो. त्यांचे कुलदैवत एक असते आणि जन्म, विवाह, मृत्यू यांत ती घरे एकमेकांची पडेल ती कामे करतात. मृताच्या घरच्यांनी शोक करायचा, बाकी सारे फास्पुनने पाहायचे. शहरात आपापल्या जागी एकाकी होत चाललेल्या वृद्ध रुग्णांकडे पाहताना या रचनेची आठवण येते. परगावी येऊन वसलेल्या आपल्या मंडळींनी स्थापन केलेल्या मंडळांमागेही मुळात हीच गरज होती.

सारांश, मारखा खोऱ्याची वाट निरोगी, तयारीच्या माणसाच्या आवाक्यातली आहे आणि सभासदांनी ती जरूर करावी. जाण्यापूर्वी गटातील एकाला, तो वयाने लहान असला तरी, परत फिरण्याचा निर्णय घेण्याचा अधिकार सर्वांनी मिळून द्यावा आणि त्याचा शब्द अखेरचा मानण्याचे आधीच कबूल करावे. परतीच्या तिकिटात दोन मोकळे दिवस ठेवावेत. औषधांच्या पेटीत जे मावत नाही ते या दोन दिवसांत मावते. खिंड पुढच्या वर्षीही तेथेच असते.